नातेवाईक सोडून कुणी राहिलंय का?

खुलताबादला माझ्या वहिनींनी घरातल्याच दोन खोल्या प्रवाशांसाठी काढल्या. दिवाळीपर्यंत त्या चालल्या नाहीत, तर चितेगावचा लेक त्यांना आपल्याकडे नेणार होता. वहिनींना जायचं नव्हतं.

खोल्या ज्या प्रवासाच्या वेबसाइटवर होत्या, ती एक अजब वल्ली. अभिप्रायाच्या चार ओळी लिहा, बटण दाबा, ओळी गायब. उरायचे फक्त तारे. आता ताऱ्यांवरून कुणाला कळणार, की तिथं भाकरी गरम मिळते का नाही?

मग एकदाची वेबसाइट सुधारली. लिहिलेलं टिकू लागलं, खाली प्रश्न विचारता येऊ लागले. मी लगेच कंबर कसली. लग्नाचं आवतन द्यावं तसे फुलंब्रीच्या सगळ्या भावकीला फोन केले. दोन दिवसांत अभिप्रायांचा पाऊस. प्रत्येकाची सुरुवात एकच: ‘आमच्या वहिनींच्या हाताला लई चव.’

खाली एका अनोळखी माणसानं विचारलं, ‘नातेवाईक सोडून कुणी राहिलंय का इथं? आईला घेऊन यायचंय.’

उत्तर दिलं ते खरोखर राहून गेलेल्या एका बाईनं. ‘मी राहिले. जिना उभा आहे, गुडघे दुखत असतील तर वर चढू नका. पहाटे नळाला पाणी नसतं. पिठलं मात्र मागून घ्या.’

आमचे थोरले काका फोनवर गरजले, “हिची तक्रार करा. आपल्या घराची अब्रू काढती व्हय?”

मी तावातावानं खुलताबाद गाठलं आणि वहिनींना ते वाचून दाखवलं. त्या शेंगा सोलत होत्या.

“खोटं काय लिहिलं तिनं? जिना उभाच हाय. तुम्हीच दोनदा घसरलात, भावजी.”

“पण वहिनी, लोक यायचे नाहीत.”

“लिहा खाली. त्यांच्या आईंना खालची खोली देते म्हणावं. पाणी रात्रीच भरून ठेवते.”

खालची खोली वहिनींची स्वतःची होती. मी तसंच लिहिलं.

तो माणूस आईला घेऊन आला. जाताना त्यानं बस कुठं मिळते, दर्ग्याकडं सावलीतून कसं जायचं, हे सगळं तिथं लिहिलं. पुढच्यानं त्यात भर घातली. आमची भावकी ज्यासाठी घसा कोरडा करत होती, ते अनोळखी माणसं एकमेकांना फुकट सांगू लागली.

दिवाळीत लेक आईला न्यायला गाडी घेऊन दारात उभा राहिला. वहिनींनी त्याच्या हातात दोन गाद्या दिल्या.

“बरं झालं आलास. ह्या वर टाक, पाहुणे यायलेत. तू ओसरीवर झोप.”