एस्तेरने पुढे सरकवलेलं तबक

एस्तेरच्या नवऱ्याचा, नामदेवचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होते. "ताई, एस्तेर गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मग फोनमधून फक्त ट्रकांचे हॉर्न ऐकू येत राहिले. कशेळीला त्यांच्या दारावरूनच रस्ता जातो. मी उरलेले शिक्के मारले, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि रिक्षात बसल्याबसल्या कामं वाटून टाकली. शवपेटी कोण आणणार, कबरस्तानात कोण जाणार, पाळकसाहेबांना कोण कळवणार... रडायला संध्याकाळपर्यंत सवड मिळाली नाही, आणि तेच बरं झालं.

अंत्यविधीला आमच्या चर्चची मंडळी झाडून हजर होती. पाळकसाहेबांनी एस्तेरला "क्षमाशील भगिनी" म्हटलं आणि पुढच्या बाकावर बसलेल्या, चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी माना डोलावल्या. हीच माणसं तिला वर्षानुवर्षं दगडाच्या काळजाची म्हणत आली होती. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं हे मलाही मान्य आहे, पण तिच्या हयातीत जे नाकारलं तेच पेटीवर फुलांसारखं ठेवून मोकळं व्हायचं, याची मला किळस आली. क्षमाशील ती होतीच. पण या लोकांना क्षमा म्हणजे काय वाटतं आणि तिला काय वाटायचं, यात फार अंतर होतं. ते नीट सांगावं म्हणून आता महिन्याभरानं हे लिहायला बसले आहे.

एस्तेर माझी चर्चमधली मैत्रीण, नारपोलीला बालवाडी चालवायची. डाव्या भिंतीपलीकडे लूमचा कारखाना, उजव्या भिंतीपलीकडे लूमचा कारखाना, आणि मधल्या खोलीत तिची पोरं. त्या खडखडाटात शिकवून शिकवून तिचा आवाज असा झाला होता की चर्चमध्ये ती कानात काही बोलली तरी शेवटच्या बाकाला ऐकू जायचं. एकदा प्रवचन लांबलं तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "विमल, यांना घरी कोणी वाट बघणारं नाही का गं?" पाळकसाहेबांनी पुढचे दोन मुद्दे गाळले. मंडळीने तिचे जे मोजके उपकार मानले, त्यांतला हा एक.

तिने कशेळीच्या नामदेवशी रजिस्टर लग्न केलं. तो शेतकरी घरातला, हिंदू. ती ख्रिस्तीच राहिली, दर रविवारी चर्चला येत राहिली, नामदेव तिला स्कूटरवर आणून सोडायचा आणि बाहेर टपरीवर थांबायचा. तिच्या सासूने सुरुवातीला वर्षभर अबोला धरला. मग एक दिवस सुकटीची पिशवी घेऊन बालवाडीत आली, पोरांच्या देखत म्हणाली, "माजं चुकलं गं पोरी. मी वाकडी वागलू. आता घरी चल, मी जवला केलाय." झालं. मिटलं. शाळा न पाहिलेल्या त्या बाईला जे जमलं, ते आमच्या पंचांना बायबलचा अभ्यासवर्ग घेऊनही जमलं नाही.

एस्तेरचे थोरले भाऊ दानिएलभाऊ. काल्हेरच्या एका गोदामात सुपरवायझर, आणि आमच्या चर्चचे सेक्रेटरी. दर रविवारी सूचना तेच वाचतात. बहिणीचं लग्न त्यांना सहन झालं नाही. पुढे त्यांची आई हॉस्पिटलात शेवटच्या आजारात पडली. एस्तेरने फोन केला तर त्यांनी सांगितलं, "येऊ नकोस. आई तुझं तोंड बघणार नाही म्हणते." आणि आईने लेकीला बोलाव म्हटल्यावर आईला सांगितलं, "निरोप दिला. ती येत नाही म्हणाली." आई तशीच गेली. मातीला आलेल्या वॉर्डातल्या आयाबाईने एस्तेरला धरून विचारलं, "काय गं, शेवटपर्यंत दाराकडे बघत होती म्हातारी. का नाही आलीस?" तेव्हा तिला कळलं. मंडळीत मात्र पसरलं ते एवढंच, की आईच्या शेवटच्या दुखण्यातही ही पोरगी आली नाही. दानिएलभाऊंनी ते पसरू दिलं.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, एका तबकातली भाकर आणि प्याला सगळ्यांत फिरतो. त्याआधी पाळकसाहेब सांगतात, कोणाचं कोणाशी काही असेल तर आधी मिटवा, मग भाकर घ्या. मग सगळे उठून एकमेकांना हात देऊन "सलाम" म्हणतात. या सलामाची गंमत बाहेरच्या माणसाला कळणार नाही. ज्याच्याशी भांडण असतं त्याच्यापासून लांबचं बाक धरायचं, म्हणजे सलाम करावा लागत नाही, ही आमच्या मंडळीची जुनी युक्ती. शेजारच्याशी, ज्याच्याशी काहीच बिनसलेलं नाही त्याच्याशी, जोरजोरात हात हलवायचे आणि शुद्ध होऊन भाकर खायची.

आई गेल्यानंतर एस्तेरने भाकर घेणं थांबवलं. तबक समोर आलं की ती ते शेजारणीकडे सरकवायची. प्याला तसाच. चेहऱ्यावर राग नाही, नाटक नाही. पुढे भाऊ बसलेले असायचे, ते दर महिन्याला डोळे मिटून घ्यायचे. एकदा मी तिला चिडून म्हटलं, "अगं, त्याच्या पापापायी तू का उपाशी?" ती म्हणाली, "माफ मी केव्हाच केलंय विमल, ते माझ्या एकटीच्या हातात होतं. पण आमच्यात तुटलंय ते तुटलंयच. एका तबकातून खाण्यासारखं आमच्यात काही उरलेलं नाही, तर कोणीतरी एकाने थांबायला हवं. तो थांबत नाही. म्हणून मी थांबते."

मंडळीला हे बघवेना. दुःख झालं म्हणून नव्हे, वाईट दिसतं म्हणून. पंचांनी समेटाची सभा बोलावली. बटाटेवडे मागवले, चर्चच्या पत्रिकेत छापायला फोटो काढणारा बोलावला, आणि ठराव असा की दोघांनी हात मिळवावेत आणि मागचं काही काढू नये. एस्तेरने विचारलं, "मागचं काढायचं नाही, तर मिटवायचं काय? वडे?" एक पंच म्हणाले, "बाई, ख्रिस्ती माणसाने विसरायला शिकावं." ती म्हणाली, "मी विसरेन हो. आधी दादाला आठवू तर द्या." दानिएलभाऊ चहाच्या कपात बघत बसले. सभा संपली, वडे संपले, आणि बाहेर पडताना सगळ्यांचं एकमत होतं की एस्तेरला फार अहंकार आहे. ज्याने केलं त्याच्याकडे काही मागायचं नाही, जिला लागलं तिच्याकडेच सगळं मागायचं, कारण ती बिचारी रोज समोर असते आणि तिच्याकडून मिळण्यासारखं असतं... या हिशेबी आळसाला ही माणसं शांती म्हणतात.

मग तिचं दुखणं आलं, आणि ते बरं होणारं नव्हतं. पाळकसाहेब दानिएलभाऊंना आणि दोन पंचांना घेऊन कशेळीला आले, सोबत संत्री. भाऊंनी हात पुढे केला. एस्तेरने विचारलं, "दादा, आई काय म्हणाली होती?" आवाज खाली आला होता, तरी पडवीपर्यंत गेला असेल. भाऊ म्हणाले, "जाऊ दे गं आता. अशा वेळी कशाला..." तिने आपला हात चादरीखाली घेतला. पाळकसाहेबांनी नामदेवला बाजूला नेऊन तिची समजूत घालायला सांगितलं. नामदेव म्हणाला, "साहेब, ती न्हाय म्हनली म्हंजे न्हाय. मी लगीन केलंय तिच्याशी, मला ठावं हाय." मग एक लांबलचक प्रार्थना झाली, त्यात देवाला कठीण मनं मऊ करायला सांगितलं. कोणाचं मन, ते देवाला कळलं असावं.

कारण काही दिवसांनी दानिएलभाऊ एकटेच आले. भर दुपारी, ड्युटीच्या कपड्यांत, हातात संत्री नाहीत. मी तिची उशी बदलत होते. ते दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "आईने तुला बोलावलं होतं. मी तुला खोटं सांगितलं."

"आणि तिला?"

"तिलाही. तू येत नाहीस म्हणालो." मग म्हणाले, "तिने परत विचारलं. मी परत तेच सांगितलं."

एस्तेर रडली. आई गेल्यावरही ती अशी रडलेली मी पाहिली नव्हती. मग तिने त्यांना खाटेवर बसवलं आणि आई कशी होती, काय खात होती, काय काय बोलली, सगळं विचारून घेतलं. भाऊ सांगत होते. मी चहा ठेवायला गेले.

रविवारी पाळकसाहेब उपासनेनंतर प्रभुभोजन घेऊन कशेळीला आले, सोबत भाऊही. एस्तेरने भाकर घेतली. भाऊंचा हात सवयीने पुढे आला, तशी ती म्हणाली, "दादा, तू थांब."

"मी सांगितलं ना तुला?"

"मला सांगितलंस. माझं नाव तू मंडळीत घालवलंस. तिथे सांग, मग घे."

त्यानंतर आठवड्याच्या आत ती गेली.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी दानिएलभाऊ सूचना वाचायला उभे राहिले. महिला मंडळाची सभा, संडे स्कूलची सहल, पंखे दुरुस्त झाल्याचं. मग त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि आईची गोष्ट सांगितली. अडखळत, पण पूर्ण. काही गाळलं नाही, स्वतःसाठी कारण जोडलं नाही. एका पंचांनी शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हटलंच, "आता काढायची काय गरज होती?" सलामाची वेळ आली. भाऊ आपल्या बाकाशी उभे होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी पलीकडे वळून सलाम केले. एस्तेरला विसरायला शिकवणारे हेच सगळे. त्यांना चुकलेला माणूस चालत होता. चुकलो म्हणणारा चालेना. शेवटी पाळकसाहेब खाली उतरले आणि त्यांनी हात दिला.

तबक फिरत आलं. भाऊंनी भाकर घेतली. मग ते माझ्याकडे आलं. मी त्या वेळेपर्यंत मंडळीवर मनातल्या मनात यथेच्छ तोंडसुख घेत होते. पण तबक हातात आल्यावर पाहिलं, तर सलामाच्या वेळी मीही जागेवरून हलले नव्हते. एस्तेरने त्यांना जवळ बसवून घेतलं होतं. मला मात्र अजून दाराकडे बघणारी म्हातारी दिसते, आणि परत तेच सांगणारे दानिएलभाऊ. ते बोलले, ते खरं बोलले, हे मान्य असूनही ते मला सहन होत नाहीत. मी तबक शेजारी सरकवलं. पाळकीणबाई दचकल्या, "अहो विमलताई, तुम्ही?"

"पुढे द्या," मी म्हटलं.

काल्हेर इथून लांब नाही. शेअर रिक्षा मिळते, भाऊ तिथेच राहतात, संध्याकाळी घरीच असतात. रोज सकाळी मी दिवसाची कामं कागदावर लिहिते, त्यात पहिलं काम लिहिते, भाऊंकडे जायचं. मग बाकीची सगळी उरकते.