चार चोचींचा दिवा

आषाढ अमावास्येला घरातल्या प्रत्येक माणसाचा एकेक पिठाचा दिवा करायचा, हा माझ्या सासरचा रिवाज. गुळाच्या पाण्यात पीठ मळायचं, अंगठ्यानं खळगा करायचा, वातीसाठी चिमटीनं चोच काढायची आणि चाळणीवर ठेवून दिवे उकडायचे. तूपवात लावून ओवाळून झालं, की ज्याचा दिवा त्यानंच खायचा. दुसऱ्याचा दिवा खाल्ला की त्याचं आयुष्य खाल्लं, असं सासूबाई म्हणत. ओळखू यावेत म्हणून सासूबाईंच्या दिव्याला एक चोच, माझ्या दिव्याला दोन आणि ह्यांच्या दिव्याला चार.

लढाई सुरू झाली आणि हे पलटणीबरोबर समुद्रापार गेले. पुढं ‘बेपत्ता’ असा कागद आला आणि मग काहीच नाही. दिवे मात्र तीनच व्हायचे. ह्यांचा दिवा जळून शांत झाला की गाईला घालायचा. माझ्या पोटात कावळे ओरडत असायचे आणि गाय निवांत रवंथ करत असायची.

त्या वर्षांत गहू औषधालाही नव्हता. ऊसपट्ट्यात गूळ पाहिजे तेवढा, पण दिवे जोंधळ्याच्या पिठाचे. त्या पिठाला चिकटपणा कसला? उकडताना ह्यांचा दिवा हटकून फुटायचा.

“फुटला की गं,” सासूबाई म्हणायच्या. “पुन्यांदा कर.”

“आवं आत्याबाई, जोंधळ्याचं पीठ हाय. चिकटंल कसं?”

“तुजा न्हाई फुटला, माजा न्हाई फुटला. त्याचाच कसा फुटतुया?”

चार चोची काढल्या की कड पातळ होते, हे मला कळत होतं. पण चोची कमी करू का, असं विचारायची माझी छाती नव्हती. दिवा धड निघेपर्यंत मी करत राहायची. पीठ संपलं तर पुन्हा जात्यावर बसायची. खरं सांगते, नवऱ्याच्या काळजीपेक्षा त्या दिव्याचाच मला जास्त वीट आला होता. माझं माहेर म्हसवडकडचं, तिकडं असलं काही नव्हतं.

लढाई संपली. कैदेतून सुटून, इस्पितळात बरेच महिने काढून हे एका ज्येष्ठात घरी आले. अंगावर नुसती हाडं. बोलत नव्हते, फक्त जेवत होते.

अमावास्येला ह्यांनी आपला दिवा दोन घासांत संपवला आणि सासूबाईंच्या ताटाकडं बघत राहिले. सासूबाईंनी आपला दिवा त्यांच्या ताटात ठेवला.

“खा लेकरा. माजं लय जगून झालं.”

तो संपला. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी माझाही दिला. वातीची जळकी कड काढायलाही ते थांबले नाहीत.

“आजून हाय का?” त्यांनी विचारलं.

माझं आयुष्य ह्यांना लाभो वगैरे काही माझ्या मनात आलं नाही. आता पुन्हा दळायचं, एवढंच आलं. मी जात्यापाशी बसले, खुंटा धरला, आणि इतक्या वर्षांत आलं नव्हतं ते रडू तिथं आलं.

सासूबाई समोर येऊन बसल्या. त्यांनीही खुंट्याला हात लावला. आम्ही दोघी मिळून दळायला लागलो.

“ह्या बारीला चोची नगं काढूस,” त्या म्हणाल्या. “त्येनंच फुटतुया.”