मॅच मोहालीत, दव मखमलाबादला

आमच्या ह्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. हे उघड बोलायला मला एकोणीस वर्षं लागली, कारण गंगापूर रोडवरची निम्मी रिटायर माणसं सकाळी ह्यांना विचारल्याशिवाय कालच्या मॅचबद्दल स्वतःचं मत बनवत नाहीत.

आमचा फुलांचा स्टॉल आहे. मखमलाबादला थोडा मळा, त्यात शेवंती, बिजली आणि दोन वाफे गुलाब. पहाटे चारला खुडायला लागायचं, साडेपाचला स्टॉल लावायचा, सहापासून फिरायला येणारी मंडळी सुरू. ही मंडळी जाताना हात हलवत जातात आणि येताना देवासाठी फुलपुडी घेतात. पुडी बांधायला अर्धं मिनिट लागतं. पण अर्ध्या मिनिटात घरी जाऊन रिटायर माणसानं करायचं काय? म्हणून मग कालची मॅच.

ह्यांचं नाव भारत, आणि भारत काल जिंकला की हरला याचा ह्यांना पत्ता नसतो. त्यात ह्यांचा दोष म्हणावा तर तोही नाही. माझे सासरे कोंडाजी यांचं म्हणणं असं, की बॅट धरलेल्या हाताला मग खुरपं धरवत नाही. त्यामुळे ह्यांच्या हातात दहाव्या वर्षीच खुरपं आलं. पहाटे चारला उठणारा माणूस आठला झोपतो. टीव्हीवर रंगात आलेली मॅच असो, घराला आग लागो, आठ म्हणजे आठ. पहिली विकेट पडते तोवर आमच्याकडे घोरणं सुरू झालेलं असतं.

सुरुवात खंडेराव काकांपासून झाली. काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, बोलणं हुकूम दिल्यासारखं. स्टॉल नवीन होता, गिऱ्हाईक टिकायला हवं होतं. काकांनी पुडी घेता घेता विचारलं, काल आपण का हरलो असं तुम्हाला वाटतं? ह्यांना मॅच होती हेच माहीत नव्हतं. पण त्या दिवशी खुडताना ह्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या होत्या, तेवढंच डोक्यात होतं. हे म्हणाले, "रात्री दव फार होतं, काका."

काका थबकले. बरोबर आहे म्हणाले, बॉल ओला झाला, पोरांच्या हातात राहतच नव्हता, हे त्या टीव्हीवरच्या शहाण्यांनासुद्धा उशिरा सुचलं. मॅच मोहालीत, दव मखमलाबादला, आणि कौतुक ह्यांचं. दुसऱ्या दिवशी काका आणखी दोघांना घेऊन आले.

तेव्हापासून हे तीन वाक्यांवर जगत आलेत. एक, दव. दोन, "खेळपट्टी बघून ठरवायला पाहिजे होतं." तीन, "एक बाजू कुणीतरी लावून धरायला पाहिजे होती." ही तीन वाक्यं आलटून पालटून वापरली की कुठलीही मॅच निघते. उन्हाळ्यात दवाला सुट्टी. मधल्या वेळात हे शेवंतीकडे बघत "हं" म्हणतात. त्या "हं"मध्ये लोकांना काय काय ऐकू येतं, ते लोकच जाणोत.

फक्त जिंकलो की हरलो, एवढं आधी कळायला लागतं. त्याची सोय माझ्याकडे. मी बाजूला हार ओवत बसलेली असते. कात्री एकदा वाजली की जिंकलो, दोनदा वाजली की हरलो. पावसानं मॅच गेली असेल तर मी खोकते. एकदा पावसाळ्यात मला खरोखरचा खोकला झाला, तेव्हा आठ दिवस ह्यांनी एकही मॅच पूर्ण होऊ दिली नाही. लोकांनी तेही पचवलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला कुठून कळतं? मी विंचूरची. आमच्याकडे कांद्याचे लिलाव अमावास्येला बंद असायचे. एरवी पाय ठेवायला जागा नसलेलं बाजाराचं आवार त्या दिवशी मोकळं, आणि माझे तीन भाऊ सकाळपासून तिथे. मला खेळायला घ्यायचे नाहीत. स्कोअर लिहायला मात्र कुणीतरी हवं, म्हणून मी. सात वर्षं प्रत्येक अमावास्येला मी पायरीवर बसून बॉल न् बॉल लिहिला. लोक अमावास्येला बाहेर पडायला घाबरतात, मी पंधरा दिवस आधीपासून वाट बघायचे. थोरला भाऊ फिरकी टाकायचा. बॉल एकच आणि तो दुसऱ्याच्या हातात, म्हणून बोटांची सवय करायला तो कांदा घेऊन फिरायचा. बघून बघून मीही शिकले. लग्नानंतर हे घोरायला लागले की मी टीव्हीचा आवाज बंद करून मॅच बघायचे, आणि सकाळी ते सगळं कात्रीच्या एका टोल्यावर यायचं.

मला राग यायचा का? यायचा. चार हातांवर बसलेय, सगळं माहीत आहे, आणि कुणी मला "ताई, दोन गजरे" याच्यापुढे काही विचारत नाही. पण दुसरीही बाजू होती. आमचे हे दहावी नापास. आधी लोक "ए फूलवाले" म्हणायचे. दवानंतर "भारतराव" म्हणायला लागले. रिटायर इंजिनियर हात मागे बांधून ह्यांच्या पुढे उभा राहतो, तेव्हा ह्यांची मान कशी ताठ होते ते मी बघितलंय. ती मान माझ्या हातानं खाली घालायची मला हिंमत झाली नाही. आणि खरं सांगायचं तर इच्छाही झाली नाही.

चूक मी केली ती दिशाच्या बाबतीत. दिशा आमची मुलगी, आता पंधराची. नऊ वर्षांची असताना तिनं बॉल मागितला. पप्पांना सगळं गाव विचारतं, तर पप्पांनीच शिकवावं, असा तिचा हट्ट. पप्पा आठला झोपलेले. मग मी टोपलीतला कांदा घेतला, तिची बोटं त्यावर बसवली आणि म्हटलं, पप्पा म्हणतात, पहिलं बोट असं ठेव. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पप्पा म्हणतात, मनगट ढिलं सोड. सहा वर्षं पप्पा म्हणतच राहिले. ह्यांना मी जेवताना सांगून ठेवायचे की आज तुम्ही काय काय म्हणालात. हे मान डोलवायचे आणि भाजी वाढून घ्यायचे.

पोरगी चांगली निघाली. मुलींच्या संघात ऑफस्पिन टाकायला लागली. गल्लीत सगळे म्हणायचे, भारतरावांची मुलगी, रक्तातच आहे. मी हो म्हणायचे. रक्त माझंही थोडं लागलं असेल, असं कुणाला वाटलं नाही.

हे तिच्या प्रत्येक मॅचला यायचे. सीमारेषेवर उभे राहून बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या की वाजवायचे. एकदा मे महिन्यात भर दुपारी ह्यांनी तिला ओरडून सांगितलं, दवाकडे लक्ष ठेव. शेजारचे दोन बाप विचारात पडले.

मग यंदा संध्या मॅडम स्टॉलवर आल्या. मॅडम दिशाच्या कोच. पुण्यात दोन वर्षं राहून शिकायची संधी आली होती, खर्च तिकडचाच. पण तिकडे फास्ट टाकणाऱ्या मुली कमी पडत होत्या. दिशा उंच. फॉर्मवर मीडियम पेस लिहिलं तर जागा नक्की, स्पिन लिहिलं तर आधी परीक्षा घेणार आणि मग बघणार. मॅडमना स्वतःला ठरवता येत नव्हतं. त्यांनी दिशाला विचारलं, तर ती म्हणाली, पप्पा सांगतील ते. रविवारी फॉर्म द्यायचा होता.

चार दिवस हे जेवले नाहीत नीट. शनिवारी मला म्हणाले, तू मला सांगून ठेव, मी म्हणतो. कालची मॅच सांगणं वेगळं. मला वाटत होतं स्पिन सोडू नये, पण ते ह्यांच्या तोंडून गेलं असतं आणि मॅडमनी पुढे एक जरी प्रश्न विचारला असता, तर तिसऱ्या वाक्यानंतर ह्यांच्याकडे काही नव्हतं. पोरीचं आयुष्य आणि खाली तीन वाक्यं. मी म्हटलं, उद्या बघू. त्या रात्री मी कांद्यासारखी सोलली गेले.

रविवारी सकाळी सातला मॅडम आल्या, सोबत दिशा. खंडेराव काका आणि त्यांची मंडळी होतीच. विषय कळल्यावर पुडी घेऊनही कुणी हललं नाही. काकांनी सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, भारतरावांना बोलू द्या.

हे म्हणाले, "खेळपट्टी बघून..." आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. कात्री माझ्या हातात होती. जिंकलो आणि हरलो याच्याशिवाय तिला काही सांगता येत नव्हतं, आणि यातलं काय होतं ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. दिशा ह्यांच्या तोंडाकडे बघत होती, लहान असताना बघायची तशी.

ह्यांनी अर्धा ओवलेला हार बादलीवर ठेवला. हात पँटला पुसले.

"मॅडम, मला क्रिकेट कळत नाही," हे म्हणाले. "एकोणीस वर्षांत मी टीव्हीवर एक मॅच पुरती बघितलेली नाही."

काका हसले. हा भारतरावांचा विनय आहे, असं त्यांनी मंडळींना समजावलं. मंडळींनी माना हलवल्या.

"विनय नाही, काका. ते पहिलं दवसुद्धा माझ्या मळ्यातलं होतं."

काकांच्या हातातली पुडी तशीच राहिली. रिक्षा गेली, दूधवाला गेला. हे दिशाकडे वळले. म्हणाले, "तुला कांद्यावर बोटं ठेवायला हिनं शिकवलं. मी नुसता जेवत होतो. हिला विचारा."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. एकोणीस वर्षं मी याच घटकेची वाट बघत होते, आणि आली तेव्हा मला रडू फुटलं. लाज वाटली. पण रडत बसले असते तर फॉर्म गेला असता. मी डोळे पुसले आणि ऑर्डरची वही उलटी केली. वहीच्या पुढच्या बाजूला हारांच्या ऑर्डरी, मागच्या बाजूला दिशाच्या सगळ्या मॅच, बॉल न् बॉल.

"स्पिन सोडायची नाही," मी म्हटलं. मग सांगितलं. यंदा तिनं एकवीस विकेट काढल्या, त्यातल्या अकरा बॅटच्या वरच्या कडेला लागून उडालेल्या कॅच आहेत. म्हणजे तिचा बॉल बाकीच्या मुलींपेक्षा जास्त उसळतो, आणि तो उसळतो तिच्या उंचीमुळे. उंची फास्टलाच लागते असं कुणी सांगितलं? दोनदा तिला नवीन बॉल देऊन पळवलं होतं, दोन्ही वेळा चौथ्या ओव्हरपासून वाइड सुरू झाले आणि रात्री गुडघ्याला शेक द्यायला लागला. तारखा लिहिलेल्या आहेत. पुण्याला परीक्षा घ्यायची तर घेऊ दे, पण तिला जे येतं त्याची घेऊ दे.

मॅडमनी वही हातात घेतली. चार पानं उलटली, परत मागे गेल्या, एका मॅचवर बोट ठेवून मला दोन प्रश्न विचारले. दोन्हींची उत्तरं मला येत होती. मग त्यांनी बाकड्यावर फॉर्म ठेवला, रकान्यात ऑफस्पिन लिहिलं आणि पालकाच्या सहीसाठी पेन ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांनी ते घेतलं आणि माझ्याकडे दिलं. मी सही केली. हाताला शेवंतीचा चीक होता, त्याचा डाग फॉर्मवर पडला.

परीक्षेत काय झालं तेही सांगते, उगाच टांगून ठेवत नाही. पुण्याच्या सरांनी तिला पाच ओव्हर टाकायला लावल्या आणि जूनपासून या म्हणाले.

पण मला लक्षात राहिली ती त्या रविवारची दुपार. दिशा घरी आल्यापासून ह्यांच्याशी बोलली नव्हती. मी भाकरी थापत होते, ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मम्मी, मग सारखं पप्पा म्हणतात, पप्पा म्हणतात, असं का सांगायचीस?"

मी म्हटलं, तुला त्यांच्याकडूनच शिकायचं होतं ना. हे दारात उभे राहून ऐकत होते. आत आले, टोपलीतून एक कांदा उचलला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"मला दाखव," हे म्हणाले. "कसं धरायचं?"

दिशानं ह्यांचा हात ओढून घेतला. गुलाबाच्या काट्यांनी जाड झालेली बोटं एकेक करून उचलली आणि कांद्यावर बसवायला लागली. "मम्मी म्हणते," ती म्हणाली, "पहिलं बोट असं ठेव."

ह्यांनी ठेवलं. चुकीचं ठेवलं. तिनं परत उचलून बसवलं.