पहिल्या भोंग्याचं पाणी

बाबांनी जेवण सोडलं त्याला, मी गळ घेऊन निघालो त्या दिवशी, पाच दिवस झाले होते. सोडलं म्हणजे रुसून वगैरे नाही. तीस वर्षं मिलमध्ये सूत कातणाऱ्या खात्यात काढली, तेव्हा जो कापूस नाकातोंडातून आत गेला तो छातीत घर करून बसला होता. खोकून खोकून घास घशाखाली उतरेना, आणि मग हळूहळू त्यांना घासच नकोसा झाला. पेजेची वाटी पुढे केली की ते तोंड मिटून भिंतीकडे बघत राहायचे. नाक्यावरच्या डॉक्टरांनी मला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "औषध मी देतो, पण पोटात अन्नच नसेल तर औषध काय करणार? काहीही करून त्यांना खायला घाला." काहीही करून म्हणे. हे सांगायला त्यांच्या बापाचं काय जात होतं?

खाणं कमी होऊ लागलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "जिताडा मिळाला तर बघू."

आमचं गाव पेण-अलिबागच्या मधल्या खारेपाटात. तिकडे घरामागच्या तळ्यात जिताडा या खाडीतल्या माशाची पिल्लं सोडतात आणि वर्ष-दोन वर्षं वाढू देतात. जावई आला किंवा घरात कुणी आजारातून उठायला हवं असलं, की तळ्यातून एक काढतात. बाबांनी ते गाव सोळाव्या वर्षी सोडलं आणि परळच्या चाळीत आले. मी तर चाळीतच जन्मलो. मासा ही वस्तू कोळणीच्या पाटीत उगवते असाच माझा लहानपणी समज होता, आणि मोठेपणीही त्यात फारसा फरक पडला नव्हता.

त्याच्या आधीच्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, मी माहीमच्या खाडीवर जाऊन आलो होतो. बाजारात जिताडा रोज येत नाही, आणि आला तर तो हॉटेलवाले आधीच उचलतात. म्हणून आपणच गळ टाकून बघावा, असं माझ्या डोक्यात आलं. खाडीच्या तोंडाशी एक म्हातारा कोळी जाळं विणत बसला होता. मी मिलवाला आहे हे त्याने माझ्याकडे बघूनच ओळखलं. म्हणाला, "तुमचा पहिला भोंगा होतो ना, त्या टायमाला पानी भरत आसतं. त्या पान्याबरोबर जिताडा आत शिरतो. उद्याच ये." वर बजावलं, "दोर चांगला आण. जिताड्याच्या कल्ल्याला वस्तऱ्यासारखी धार आसते. सपकन् कापतो."

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, तर ते उशीला टेकून चक्क उठून बसले. तेव्हा ते थोडं तरी खात होते. "सूत आण," म्हणाले. पलंगाखालच्या डब्यात त्यांनी कधीकाळी ठेवलेलं जाडं सूत होतं. आठ पदर घेऊन त्यांनी मांडीवर दोर वळायला घेतला. मध्ये खोकला यायचा, थांबायचे, पुन्हा वळायचे. दोन संध्याकाळी लागल्या. सूत तुटलं की न बघता नुसत्या अंगठ्याने त्याचं टोक चाचपून सांधा लावायचे. तीस वर्षं तेच काम केलेलं, यंत्राच्या चात्यांवरचे तुटलेले धागे जोडायचं. मी फोल्डिंग खात्यात, कापडाच्या घड्या घालणारा माणूस. मला धाग्यातलं काही कळत नव्हतं, आणि त्याची कधी लाजही वाटली नव्हती.

खाडीवरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून माझी सकाळची पहिली पाळी होती, त्यामुळे जाणं राहिलं. मग बाबांनी खाणं पार टाकलं, आणि त्याच आठवड्यात हरताळ पडला. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. मिल बंद, दुकानं बंद, मासळीबाजारात कुत्री झोपलेली. कोळ्यांनीही होड्या काठावर ओढून ठेवल्या होत्या. मुंबई महाराष्ट्राला मिळावी असं मलाही मनापासून वाटत होतं. त्याआधीच्या दोन मोर्चांत मी घसा बसेपर्यंत ओरडलोही होतो. पण त्या आठवड्यात मला एका जिताड्यापुढे काही दिसत नव्हतं.

हरताळाच्या दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच मी निघालो. आई दारात आली. हळूच म्हणाली, "मी वाटण वाटून ठेवते." मी खेकसलो, "आधी मासा तर येऊ दे." तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जिन्याखाली चाळीतली पोरं झेंडे बांधत उभी होती. माझ्या हातातली दोराची गुंडी बघून एकजण म्हणाला, "अरे, मोर्चा हिकडे आणि तू समुद्रावर कुठे चाललास? मासळी खायला टाइम आहे काय हा?" बाकीचे हसले. मी तसाच पुढे निघालो. बोललो असतो तर मारामारी झाली असती, किंवा मी रडलो असतो.

रस्त्यात काचा आणि दगड पडले होते. दादर ओलांडून शिवाजी पार्काच्या कडेने मी जवळजवळ पळतच होतो. मैदानावर एवढ्या पहाटेही माणसं जमू लागली होती. खाडीशी पोचलो आणि मागून भोंगा झाला. हरताळ असला तरी भोंगा व्हायचा, कारण तो वाजवायला दोन-चार बॉयलरवाले पुरतात आणि तेवढे मालकांनी आत मुक्कामाला ठेवलेले असत. भोंगा ऐकून मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याच्या हुकमावर मिलच्या फाटकात न जाता माझ्या कामाला वेळेवर पोचलो होतो.

मग उजाडलं, आणि समोर पाणी नव्हतं.

थोडंसं कमी होतं असं नाही. नव्हतंच. जिथे त्या दिवशी लाटा येत होत्या तिथे काळाभोर चिखल पसरला होता आणि समुद्र पार लांब कुठेतरी पांढऱ्या रेघेएवढा दिसत होता. मी गुंडी हातात घेऊन नुसता उभा राहिलो. एक कोळीण टोपली घेऊन चिखलातून येत होती. तिला विचारलं, "मावशी, पाणी कुठे गेलं?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीने दुभंगून आत घ्यावं असं वाटलं.

"आज पुनव नाय का? आता कुटलं पानी? नऊ-धापर्यंत बस."

मी तिला सांगू लागलो, की मला पहिल्या भोंग्याला यायला सांगितलं होतं. "कंदी सांगितला?" मी म्हटलं, मागच्या आठवड्यात. ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "आरं, तवा अष्टमी व्हती. पानी रोज पाऊण तास म्होरं सरतं. त्याला भोंगा म्हायत नाय."

मला स्वतःचा इतका संताप आला की मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर भोंग्यावर उठलो, भोंग्यावर जेवलो, भोंग्यावर झोपलो. जगात एखादी गोष्ट रोज वेगळ्या वेळेला होते, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. खारेपाटातलं शेंबडं पोरही तिथी बघून भरती सांगतं. मी मात्र त्याच मातीतल्या बापाचा मुलगा असून समुद्राला हजेरी लावायला निघालो होतो. म्हाताऱ्याने "उद्याच ये" म्हटलं होतं, त्यातलं "उद्याच" मी सोयीने गाळलं होतं.

परत जावं की थांबावं? घरी बाबांना सकाळी तरतरी असायची, दुपारनंतर ते ग्लानीत जायचे. दुपारी उशिरा मासा नेऊन उपयोग नव्हता. पण हात हलवत जाऊन आईने वाटलेल्या वाटणाकडे बघणंही शक्य नव्हतं. मी थांबलो.

कोळिणीनेच सांगितलं की जिताड्याला जिवंत काहीतरी लावावं लागतं, आणि चिखलात निवट्या असतात त्या धर. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारत पळणारा बोटभर मासा. मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो. मांडीपर्यंत रुतलो. निवटी हाताखालून सटकून बिळात जायची आणि दोन हातांवर पुन्हा डोळे वर काढून माझ्याकडे बघायची. दीड तास मी त्या चिखलात लोळत होतो. कुणी बघितलं असतं तर वेडा ठरवलं असतं. शेवटी एक हाती लागली. एकच. तिला मुठीत धरून मी खडकावर आलो तेव्हा धाप लागून डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

पाणी आलं. आलं ते असं, की बघता बघता सगळा चिखल नाहीसा झाला. पौर्णिमेचं उधाण होतं. मी गळाला निवटी लावली. गळ एकच होता, कारण दुसरा घ्यायचं मला सुचलं नव्हतं. दोर भिरकावला. पहिल्या फेकीत तो माझ्याच पायाशी पडला, दुसऱ्या फेकीत जरा लांब गेला. दोर बोटाला गुंडाळून मी बसलो. किती वेळ कुणास ठाऊक. देवाला मी नवस केला, मग तो कमी वाटला म्हणून वाढवला. लांब शहरात कुठेतरी फटफट आवाज झाले. गोळीबार असावा. मला त्याचंही काही वाटलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

आणि दोर ताठ झाला.

मी उभा राहिलो. जड होतं, खूप जड. मी ओढलं, तर तिकडूनही ओढ आली. मी "आला, आला" असं स्वतःशीच बडबडत होतो. बाबांना उठवून बसवायचं, पहिला घास मी भरवायचा, इथपर्यंत मी मनात जाऊन पोचलो. लाट मागे गेली की दोर ओढला जायचा, पुढे आली की सैल पडायचा. चार-पाच लाटांनंतर माझ्या ध्यानात आलं. पलीकडे मासा नव्हता, खडक होता. गळ कपारीत अडकला होता आणि ओढत होती ती लाट.

तरी मी सोडलं नाही. रागाच्या भरात दोर हाताला गुंडाळून, टाच खडकात रोवून ओढत राहिलो. तळहात कापला. दोर करकरला आणि तुटला, आणि मी पाठीवर पडलो. पडल्या पडल्याच मोठ्याने रडलो. वय वर्षं सत्तावीस.

घरी पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. आईने चूल धगधगती ठेवली होती. वाटणाची वाटी झाकून ठेवलेली. तिने माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि वाटण पातेल्यात टाकलं, वर पाणी घातलं. फुकट कशाला घालवायचं, म्हणाली. बिनमाशाचं कालवण शिजू लागलं आणि खोलीभर वास सुटला.

बाबा जागे होते. माझ्या अंगावरचा चिखल बघून त्यांनी भुवई उंचावली. आणि मला काय झालं कळत नाही, मी खोटं बोललो.

"लागला होता, बाबा. जिताडा. एवढा." मी दोन्ही हात पसरून दाखवले. "काठापर्यंत आणला. कल्ला घासला आणि दोर कापून गेला."

"कधी लागला?" पाच दिवसांत त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न.

"दहाच्या सुमाराला."

"पुनवेला दहाला पाणी चांगलं," ते म्हणाले. "कसा ओढत होता?"

मग मी सांगत सुटलो. लाटेने जे केलं ते सगळं मी माशाच्या नावावर घातलं. आई ताटलीत भात आणि ते कालवण घेऊन आली. मी सांगता सांगता घास पुढे केला. त्यांनी तो घेतला. आई चुलीकडे तोंड फिरवून बसली.

दोन घासांनंतर त्यांनी हात पुढे केला. "दोर बघू."

मी गुंडी दिली. त्यांनी टोक शोधून अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरलं. डोळे मिटून बराच वेळ नुसतं चाचपत राहिले. मग गुंडी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मोठाच होता रे." आणि तोंड उघडलं. ताटली त्यांनी संपवली.

ते झोपल्यावर मी दोर उचलून डब्यात ठेवायला घेतला. टोक माझ्या हातात आलं. आठही पदर वेगवेगळ्या लांबीला तुटले होते. प्रत्येकाचं टोक पिंजलेलं, कापसासारखं फुललेलं. कापलेल्या दोराचं टोक सरळ असतं, वस्तऱ्याने छाटल्यासारखं. ओढून तुटलेलं असं फुलतं. मिलमध्ये बारा वर्षं घड्या घालणाऱ्यालाही ते डोळ्यांनी दिसत होतं. मी हे खोटं कुणाला सांगितलं होतं? तीस वर्षं ज्याने तुटलेले धागे बोटांनी ओळखले, आणि हा दोर ज्याने स्वतः वळला होता, त्याला. मी तिथेच डब्याशी बसून राहिलो. आईने विचारलं काय झालं, तर म्हटलं, हात दुखतोय.

दुसऱ्या दिवशी मी कुठेच गेलो नाही. आमच्या बाजूला कर्फ्यू होता आणि माझ्याकडे गळही नव्हता. दुपारी आईने पुन्हा तसंच कालवण केलं आणि मी ताटली घेऊन बाबांपाशी बसलो. ते तोंड मिटून भिंतीकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले.

"आज गेलेलास?"

मी घास कालवत होतो. माझ्या तळहातावरची पट्टी त्यांना दिसत होती.

"गेलो होतो," मी म्हणालो.

"पाऊण तास उशिरा?"

"हो. पाऊण तास उशिरा."

"मग?"

"लागला. कालच्यापेक्षा मोठा होता."

बाबांनी मान हलवली आणि तोंड उघडलं.