गालावरची भेग

नव्वदच्या सुमारास मी कोल्हापुरात एका मूर्तिकाराकडे कामाला होते. ब्राँझचा पुतळा आधी मातीत करतात आणि साचा काढेपर्यंत ती माती सुकू द्यायची नसते. तिला ओली पोती गुंडाळायचं काम माझं. एकदा लग्नाला हातकणंगल्याला गेले आणि एक दिवस पोती भिजवायची राहिली. सकाळी पोतं काढलं, तर गालावर बोटभर भेग. ज्यांचा पुतळा होता, त्यांची बायको त्याच दिवशी चेहरा पसंत करायला येणार होती. माझं काम गेलं असतं तर घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. मी गुपचूप भेगेत ओली माती दाबली.

बाई आल्या आणि बघतच राहिल्या. "आमच्या मालकांचा गाल असा सुजल्यागत नव्हता की."

"मी केलंय ते," मी बोलून टाकलं.

मूर्तिकारांनी अंगठ्यानं जादा माती काढली आणि ते माझ्याकडे वळले. "मावशी, मातीत हाय तवर सांगितलासा ते बरं. ब्राँझ ओतल्यावर काय तुमचा गाल कापून लावू?"

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. साचा चढेपर्यंत मी पुतळ्यापासून हलले नाही.