आरसा जुना आहे म्हणते

मेलबर्नमध्ये मी ज्या घरात खोली घेतली, तिथे सर्वांत जास्त मान आरशाला होता. त्यानंतर मालकीणबाईंना, मग मांजराला, मग मला. आरसा इंग्लंडहून बोटीने आलेला, जवळजवळ माझ्या उंचीचा. चौकट लाकडात कोरलेली आणि सोन्याच्या वर्खाने मढवलेली. वेली, कमळासारखी पण कमळं नसलेली फुलं, खडकांवरून ठिबकणारं लाकडी पाणी आणि वरच्या दोन कोपऱ्यांत लांब चोचीचे दोन पक्षी. पक्षी चिनी आहेत, आणि ज्याने कोरले त्या इंग्रज कारागिराने चीन कधी पाहिलाही नव्हता, हे मालकीणबाई अभिमानाने सांगायच्या. काच काळवंडल्यामुळे चेहरा नीट दिसत नसे. पण अशा आरशात चेहरा बघायचा नसतो, हे मला पहिल्याच दिवशी समजावण्यात आलं.

आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली, तेव्हा तिलाही आरशासमोर उभं केलं गेलं. आईला इंग्रजी येतं, पण इथल्या लोकांच्या तोंडातलं कळत नाही. मालकीणबाई दहाएक मिनिटं बोलल्या. लाकडावर खडू आणि सरसाचे थर, त्यावर लाल माती, त्यावर पाण्याने चिकटवलेला वर्ख. पाण्याने चिकटतो म्हणून पाण्यानेच सुटतो. अडीचशे वर्षांत एकाही मोलकरणीने याला ओलं फडकं लावलेलं नाही. दोन्ही पक्षी एकाच लाकडाचे, एकाच हाताचे. धूळ काढायची ती कोरड्या ब्रशने, आणि तीही फक्त त्यांनी स्वतः.

"काय म्हणतेय गं?" आईने विचारलं.

"आरसा जुना आहे म्हणते."

"एवढं सगळं बोलली ती!"

"इंग्लिशमध्ये लांब होतं."

इंग्रजी शाळेत शिकून मी दोन भाषांत गप्प बसायला शिकले, त्याचा हा उत्तम नमुना.

दसरा जवळ आला आणि मालकीणबाई चार दिवस मुलाकडे डार्विनला गेल्या. मी दुपारी शिफ्टवरून घरी आले तर आई आरशापाशी स्टुलावर उभी. शेजारी साबणाच्या पाण्याची बादली, हातात देव घासायचा जुना टूथब्रश. विमानतळावर आम्ही लोणचं, मसाले सगळं प्रामाणिकपणे डिक्लेअर केलं होतं. हे शस्त्र मात्र सुटलं.

"बघ, नक्षीत किती मळ होता," आई म्हणाली. "आणि गंमत म्हणजे आत गेरू निघाला! कुंड्यांना लावतो ना, तसला."

डावा पक्षी मानेपासून शेपटीपर्यंत विटकरी झाला होता. बादलीतलं पाणी फार सुंदर चमकत होतं.

मग मी तिला ती दहा मिनिटं सांगितली. पूर्ण. आई स्टुलावरून उतरली आणि त्याच स्टुलावर बसली.

"हे तुला माहीत होतं?"

"हो."

"तुला खोली सोडायला लावेल का ती?"

"लावू शकते."

आईने थोडा विचार केला. "मी सांगते, मला समजलं नाही. म्हाताऱ्या बाईला कोण काय बोलणार?"

बेत उत्तम होता. माझी खोली वाचत होती आणि जात होती ती फक्त आईची अक्कल. दोन दिवस मला तो बेत फार आवडला. आई कणीक मळताना पुटपुटायची, "सॉरी, आय डिड नॉट अंडरस्टँड." मी तिचे उच्चारही सुधारून दिले.

रविवारी मालकीणबाई आल्या. बॅग हातातच धरून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या.

"अडीचशे वर्षं मोलकरणींना जे जमलं नाही," त्या म्हणाल्या, "ते तुझ्या आईने चार दिवसांत करून दाखवलं. तू सांगितलं नव्हतंस का तिला?"

आई पुढे झाली. पदर नव्हता, तरी पंजाबी ड्रेसची ओढणी तिने सारखी केली. "सॉरी, आय डिड—"

"नाही," मी मध्येच म्हणाले. आवाज माझाच होता, पण माझ्या ओळखीचा नव्हता. "मी सांगितलंच नव्हतं. तुम्ही जे काही बोललात, त्यातलं मी तिला एवढंच सांगितलं की आरसा जुना आहे."

"किती जुना, तेही नाही?"

"नाही."

खोलीचा काय तो निकाल आता लागणार, म्हणून मी गालिच्याकडे बघत राहिले. आईने मला कोपराने ढोसलं.

"तिला एक विचार. मी दोन्ही बगळे सारखेच घासले. मग उजव्याचा रंग का नाही निघाला?"

एरवी मी याचं 'आई पुन्हा सॉरी म्हणते' एवढंच केलं असतं. पण त्या दिवशी मी शब्दन् शब्द सांगितला, साबणासकट, टूथब्रशसकट.

मालकीणबाईंनी चष्मा लावला. त्या उजव्या पक्ष्यापाशी गेल्या, बोट जिभेला लावून त्याच्या पंखावर चोळलं आणि बोट निरखलं. स्वच्छ होतं. पुन्हा चोळलं, या वेळी जोरात; पाण्याने सुटणारा वर्ख इथे सुटतच नव्हता. मग डाव्याकडे पाहिलं, मग परत उजव्याकडे. एकाच लाकडाचे, एकाच हाताचे, हे वाक्य त्या दिवसानंतर मी त्या घरात ऐकलं नाही. खोलीबद्दलचंही कुठलं वाक्य ऐकलं नाही, आणि मी विचारायला गेले नाही.

"आईला विचार," शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "उजव्यालाही खरंच तेवढंच घासलं होतं का?"

"काय म्हणतेय?"

मी सगळं सांगितलं.

"म्हणावं, देव घासते तेवढं," आई म्हणाली. "आणि तेही नीट सांग तिला."