सगळ्याला पुरणारी रायफल

जगूभाईंनी मला फसवलं. आफ्रिकेत शिकारीला आलो तेव्हा स्वतःच्या दुकानात त्यांनीच सांगितलं होतं, "शेठ, हरणापासून रानरेड्यापर्यंत ही एकच रायफल पुरते." घासाघीस करून मी ती घेतली.

आज रानरेड्याच्या मागावर ते वाटाड्या म्हणून पुढे चालले होते. त्यांच्या खांद्यावर दुसरीच रायफल होती, जाड नळीची.

"वाटाड्याचा रिवाज आहे, शेठ," माझी नजर तिच्यावर गेलेली पाहून ते हसले.

बाजारात मी उभा जन्म काढला. सगळ्या दुखण्यांवर एकच मलम विकणारा माणूस ते स्वतःच्या गुडघ्याला लावताना कधी दिसला नाही.

समोरचं उंच गवत हललं. मी तिथंच थांबलो.

"जगूभाई, रेड्याचं नंतर बघू. आधी उत्तर द्या, माझी पुरते तर ही कशाला?"